ट्रॉलीमागचा अंधार

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम सुरू झाला की रस्ता सुरक्षेचे मोफत प्रात्यक्षिक सुरू होते. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांत कित्येक टन ऊस आणि साऱ्यांची भिस्त जोडणीच्या एका पिनेवर. ट्रॅक्टरची सजावटही अभ्यासपूर्ण असते: पुढे रंगीत दिव्यांच्या माळा, डोक्यावर कानठळ्या बसवणारे स्पीकर, मागे निर्भेळ अंधार. टीकाकारांना यात निष्काळजीपणा दिसतो. वस्तुतः जी ट्रॉली दोन किलोमीटरवरून ऐकू येते, तिने दिसण्याचा हट्ट का धरावा?

टायर फुटला तर ट्रॉली भररस्त्यात उभी राहते. चाकाला दगड, मागे झाडाची एक फांदी. दुरुस्तीनंतर ट्रॉली जाते, दगड पुढच्यांच्या सोयीसाठी तिथेच राहतो. आमची नम्र सूचना अशी की, यापुढे सर्वच वाहनांचे टेललाइट काढून प्रत्येकाला एकेक फांदी द्यावी. खर्च वाचेल, वृक्षप्रेमही वाढेल.

प्रशासनही गाफील नाही. हंगामाच्या आरंभी समारंभपूर्वक ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावले जातात, फोटो निघतात, टाळ्या पडतात. ट्रॉली त्या वेळी रिकामी असते. मग तीत ऊस भरतात, वाढे मागे लोंबू लागतात आणि रिफ्लेक्टर सुरक्षितपणे झाकला जातो.