करोल बागेतली म्हैस

माझ्या हिंदीमुळं मी दिल्लीला गेलो. शाळेत असताना राष्ट्रभाषा सभेच्या प्रबोध आणि प्रवीण या दोन परीक्षा मी पास झालो होतो. पंडितच्या वेळी गोवर निघाला. एवढ्या भांडवलावर आमच्या घरात मी हिंदीतला जाणकार समजला जातो. त्यामुळं दाजींनी दिल्लीहून जुनी जर्मन गाडी आणायचं काढलं, तेव्हा ताईनं फोन करून सांगितलं, "तू जा त्यांच्याबरोबर. बोलणं तू कर. आणि घेऊ देऊ नकोस."

म्हणजे दाजींनी मला गाडी घ्यायला नेलं आणि ताईनं न घ्यायला पाठवलं. तिकीट दाजींनी काढलं होतं, पण दिवाळीचा फराळ ताईच्या हातचा असतो. मी दोघांनाही "हो" म्हणालो.

गाडीचं नाव मी घेणार नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत तसं समजा. उखाण्यातही घेणार नाही. बड्या जर्मन मोटारी आपल्याकडं चाकणला जुळतात, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळतात आणि तिकडं चेन्नईजवळ जुळतात. त्यांतल्याच एका ठिकाणची ती. तिघांतले दोन कारखाने महाराष्ट्रातच, आणि आम्ही सांगलीकर तिला आणायला निघालो दोन रात्री आणि एक दिवस रेल्वेत बसून.

दिल्लीच का, तर त्यामागं तेव्हाचा कायदा होता. हरित लवादानं २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. तेव्हापासून दिल्लीतल्या डिझेल गाडीला नववं सरलं की मालकाची अवस्था अवकाळी ढग बघणाऱ्या तासगावच्या द्राक्षबागायतदारासारखी व्हायची. माल आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे, भाव नंतर बघू. आमची गाडी २०१३ ची, डिझेलवरची, आणि आम्ही चाललो होतो २०२३ च्या जानेवारीत. ऑक्टोबरात दहा पुरी होणार होती. तीच गाडी ना-हरकत दाखला घेऊन सांगलीत आली, इथला कर भरला, एमएच १० ची पाटी लागली, की पंधरापर्यंत कुणी काही विचारत नाही.

"दिल्लीत म्हातारी, सांगलीत तरणी," दाजी म्हणाले. "नवी आसताना कोटीच्या घरात हुती, पाव्हणं. आता नऊ लाख. नऊ लाखात आजकाल काय येतंय? डबडं येतंय."

त्या वर्षी उसाचा एफआरपी टनाला ३०५० रुपये होता. म्हणजे नऊ लाख म्हणजे तीनशे टनाला थोडा कमी ऊस. दाजी कुठलीही रक्कम आधी टनात करतात, मग तिच्यावर मत देतात. तीनशे टनावर त्यांचं मत अनुकूल होतं.

तिसरे आमचे मिस्त्री. हयात गेली वडापच्या जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात. जर्मन गाडी त्यांनी बायपासवर जाताना पाहिलेली, तीही पाठीमागून. "त्यास्नी काय कळणार?" असं मी दाजींना हळूच विचारलं. दाजी म्हणाले, "कळू दे न्हायतर न्हाई, आपल्यातला एक माणूस गाडीखाली जाऊन आला म्हंजे समोरचा दबकतो."

गोवा एक्स्प्रेसनं निघालो. जयसिंगपूरच्या भडंगाचा डबा मनमाडपर्यंतही टिकला नाही. दाजींनी वाटेत समोरच्या बर्थवरच्या एका भोपाळच्या कुटुंबाला गाडीचा मोबाइलमधला फोटो तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी अभिनंदन केलं आणि दाजींनी ते स्वीकारलं. मथुरेच्या पुढं धुकं इतकं दाट झालं, की आमची गाडी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यासारखी चाचपडत चालली. निजामुद्दीनला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. मिस्त्रींनी स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल आणि वर मफलर बांधलेला. टोपी तेवढी त्यांनी बदलली नाही.

करोल बागेत शिरताना मेट्रोच्या रुळांशेजारी १०८ फुटी हनुमान उभा आहे. दाजींनी रिक्षातूनच हात जोडले. "एवढा मोठा मारुती हाय म्हंजे इथं लोकांवर संकटंही तशीच येत आसणार," मिस्त्री म्हणाले. हे त्यांचं दिल्लीतलं पहिलं वाक्य, आणि आता वाटतं, आम्ही तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

करोल बागेतल्या त्या गल्लीत श्रीमंतांच्या गाड्या बाजारात जनावरं बांधतात तशा ओळीनं बांधल्यासारख्या उभ्या असतात. आमची गाडी काळी होती. काळी म्हणजे तीत मिस्त्रींची टोपी स्वच्छ दिसत होती. मी घसा साफ करून प्रवीण परीक्षेला साजेलसं विचारलं, "महोदय, इस वाहन का स्वास्थ्य कैसा है?"

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं आणि दाजींना विचारलं, "सरजी, ये डॉक्टर साहब हैं?"

तिथून पुढं सगळं बोलणं दाजींनी केलं. त्यांची हिंदी अशी: "ये गाडी लई भारी है, लेकिन रेट भी लई बोलते हो." दुकानदाराला ती अक्षरन् अक्षर कळत होती.

गाडीच्या दाराबद्दल सांगायला हवं. ते लावायचं नसतं, नुसतं टेकवायचं असतं. उरलेलं बोटभर अंतर ते स्वतःहून, आवाज न करता, आत ओढून घेतं. आमच्या घरात मागचं दार लावायला खांदा द्यावा लागतो आणि पावसाळ्यात दोन खांदे. दाजींनी ते दार अकरा वेळा टेकवलं. मी मोजत होतो. सातव्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिले नव्हते. मग ते मागच्या सीटवर बसले. सीटनं त्यांची पाठ दाबायला सुरुवात केली. "पाव्हणं," ते डोळे मिटून म्हणाले, "ही गाडी न्हाई. सिंहासन हाय."

मिस्त्री पुढं वाकून ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवत होते. काट्यावर बेचाळीस हजार किलोमीटर दिसत होते. "मालक, रबर गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "बेचाळीस हजारात हुईत न्हाई. ड्रायव्हरच्या बैठकीची कडाबी बसलीया. काटा कुणीतरी मागं नेलाय." त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, पुराच्या पाण्याचा डाग आहे का म्हणून. २०१९ चा महापूर पाहिलेला सांगलीचा माणूस. नवी उशी घेतली तरी आधी तिचा वास घेतो. बेल्ट स्वच्छ निघाला. दाजींनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं आणि इसारासाठी खिशात हात घातला.

"आज नगं," मिस्त्री म्हणाले. "सकाळच्याला बगू. रातभर हुबी ऱ्हायलेली."

दुकानदार म्हणाला, "ग्यारह बजे आ जाओ." मिस्त्री म्हणाले, "हां, हां." आणि आम्हाला साडेसहाला तिथं घेऊन गेले.

अंधार होता. धुक्यात दुकानाचा दिवा बाजरीच्या भाकरीएवढा दिसत होता. राखणदार शेकोटीपाशी बसला होता. मिस्त्रींनी त्याला तंबाखू दिली, त्यानं आम्हाला जागा दिली. भाषेचा प्रश्न आला नाही. मग आम्ही ओळीतून चालत आमच्या गाडीपाशी गेलो.

गाडी बसली होती.

म्हणजे खरोखर बसली होती. पुढची डावी बाजू जमिनीला टेकायला आलेली, उजवी तिच्या मागोमाग निघालेली आणि मागचा भाग वर. मिस्त्री उकिडवे बसले आणि मागच्या चाकावर, टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत त्यांनी हात घातला. चार बोटं आरामात गेली. पुढच्या उजव्या चाकावर दोन. पुढच्या डाव्या चाकावर करंगळीसुद्धा जाईना. टायरचा वरचा भाग पत्र्याच्या आत लपलेला. त्यांनी करंगळी दाजींना दाखवली, जणू तिला दुखापत झाली होती.

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दार टेकवून पाहिलं. ते ओढून घेतलं गेलं.

एवढ्यात दुकानातला पोरगा डोळे चोळत आला. आम्हाला पाहून दचकला, पण सावरला. "सर्दी है ना सर, गाड़ी सो रही है," म्हणाला आणि घाईघाईनं इंजिन सुरू केलं. कुठूनतरी पोटातून गुरगुर आली, आणि एका मिनिटात गाडी हलके हलके उठून उभी राहिली. मला कबूल केलं पाहिजे, दृश्य देखणं होतं. दाजींचा चेहरा पुन्हा उजळला. "बगा, उठली!"

"म्हस बी उठती," मिस्त्री म्हणाले. "पण म्हस वारा गळून बसत न्हाई."

या गाडीला आपल्या जीपेसारखे पाटे नसतात. जाड रबराच्या पिशव्यांत हवा भरलेली असते आणि गाडी त्या हवेवर तरंगते. म्हणून तर आतल्याला खड्डा कळत नाही. नऊ-दहा वर्षांत रबराला चिरा पडतात, थंडीत ते आक्रसतं, रात्रीतून हवा निघून जाते. सकाळी ती भरायला कॉम्प्रेसर धापा टाकतो. गळती तशीच ठेवली तर एक दिवस तोही जळतो. हे सगळं मिस्त्रींनी तिथंच सांगितलं, आणि मला शंका आहे, की यातलं निम्मं त्यांना त्या करंगळीनं सांगितलं. जन्मात त्यांनी असली गाडी उघडली नव्हती.

मग पुण्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याला फोन केला, जो असल्या गाड्यांच्या भागांचं काम करतो. त्यानं झोपेतच सांगितलं, "एका पायाचे एक वीस धरा सर. मजुरी वेगळी. आणि एक गेला की बाकीचे रांगेत असतात."

दाजींनी रक्कम टनात केली. एक लाख वीस हजार म्हणजे एकोणचाळीस टन. चाळीस टनाच्या उताऱ्यानं तो झाला जवळजवळ एक एकर, आणि तोडणी-वाहतूक अजून धरलेली नाही. ते बराच वेळ गाडीच्या पायांकडं पाहत राहिले. चार पाय, चार एकर.

गाडी दहा वर्षांत कोटीवरून नऊ लाखांवर आली होती, पण तिच्या पायांना कुणी ते कळवलं नव्हतं. पाय अजून कोटीच्या गाडीचेच होते.

अकराला दुकानदार आला. त्यानं चहा मागवला, छोले-भटुरे मागवले आणि तोडगा काढला, की हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा बसवून घ्या, सगळे तेच करतात. "सिंहासनाला बाजंचं पाय," मिस्त्री तिसरा भटुरा मोडत म्हणाले. हे दाजींना फार लागलं. गाडीचा अपमान त्यांना अजून सहन होत नव्हता. ते गप्प बसले आणि दुकानदारानं ते गप्प बसणं घासाघीस समजून साडेआठ केले. दाजींनी सुस्कारा सोडला, आठ झाले. मी घाबरून त्यांच्या पायावर पाय दिला, कारण सुस्काऱ्यांचा भाव असाच उतरत राहिला असता तर दाजी दुपारपर्यंत गाडी घेऊन मोकळे झाले असते.

"पाव्हणं, तुमी सांगा त्यास्नी," दाजी म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

प्रबोध, प्रवीण, सगळं मला त्या क्षणी सोडून गेलं. मी एवढंच म्हणालो, "घर में पूछकर बताते हैं."

दुकानदारानं मान हलवली, हात मिळवला आणि पुन्हा एकही शब्द बोलला नाही. त्याच्याही घरात कुणीतरी असणार.

संध्याकाळी दाजींनी ताईसाठी एक रजई घेतली, आठशे रुपयांची. परतीच्या प्रवासात ती तिघांनी मिळून वापरली. ताईला ती आवडली. दाजी अजून अधूनमधून मोबाइल काढून फोटो बघतात आणि आमच्या मागच्या दारापाशी आले की ते नुसतं टेकवून पाहतात.

तुम्ही जाणार असाल तर जा, आम्ही गेलो तेव्हा दिल्लीत भाव खरंच पडलेले होते. फक्त सकाळी सातच्या आत पोचा, कुणाला इंजिन चालू करू देऊ नका आणि चारही चाकांवर बोटं घालून बघा. एका चाकावर चार आणि दुसऱ्यावर करंगळीही जात नसेल, तर घरात विचारून सांगतो म्हणा.