चोराने कुलूप तोडायलाच हवे

लॅपटॉपच्या विम्याच्या कागदांत एक चोर राहतो. भलता मेहनती इसम आहे. उघड्या दारातून आत येणे त्याला कमीपणाचे वाटते. तो कुलूप तोडतो, कोयंडा उखडतो, खिडकीचे गज वाकवतो आणि जाताना पंचनामा नीट व्हावा एवढ्या खुणा मागे ठेवून जातो. बऱ्याच पॉलिसींत घरातून झालेल्या चोरीची भरपाई मिळते ती या एकाच चोराने चोरी केली तर. पुण्याजवळच्या मावळातल्या कान्हे गावात मात्र चोर येतो तो असा नसतो. भर दुपारी पुढचे दार नुसते लोटलेले असते, घरातली मंडळी मागच्या अंगणात असतात आणि लॅपटॉप पडवीत चार्जिंगला लावलेला असतो, कारण मोबाइलची रेंज फक्त तिथेच येते. चोर दार ढकलतो, चार्जर काढतो, तोही सोबत घेतो आणि दार पुन्हा लोटून निघून जातो. कडीला ओरखडा नाही, चौकटीला धक्का नाही. पोलिसांच्या लेखी ही चोरी आहे, शेजाऱ्यांच्या लेखीही चोरीच आहे. कंपनीच्या लेखी मात्र एक माणूस आला आणि गेला.

ही अट लेखकाने हसवण्यासाठी रचलेली नाही. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न निकाली काढला. व्यापाऱ्याच्या गोदामातून माल चोरीला गेला होता, घरफोडीचा विमा होता, हप्ते भरलेले होते. पण पॉलिसीत शब्द होते बळजबरीने आणि हिंसेने केलेल्या प्रवेशाचे आणि तोडफोडीचा पुरावा नव्हता. ग्राहक न्यायालयाने व्यापाऱ्याला दिलेला कौल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. करार म्हणजे करार, त्यात लिहिलेल्या शब्दांपलीकडे जाता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. त्याच निकालात न्यायालयाने विमा कंपन्यांना अशा अटी बदलण्याचाही सल्ला दिला, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाचा रास्त दावा त्यात अडकणार नाही. या सल्ल्याला वीस वर्षे उलटून गेली. अट कुठे गेलेली नाही. फरक एवढाच की तेव्हा ती गोदामाच्या पॉलिसीत होती आणि आता लॅपटॉपच्याही पॉलिसीत आहे.

आता घराबाहेर पडू. कान्ह्याहून पुण्याला जाणाऱ्याचा लॅपटॉप दिवसातले दोन-तीन तास लोकलमध्ये असतो. संध्याकाळच्या लोणावळा लोकलला शिवाजीनगरला चढलेला माणूस सॅक वरच्या रॅकवर टाकतो, कारण मांडीवर घ्यायला आधी बसायला मिळावे लागते. आकुर्डीनंतर जागा मिळते, देहूरोड गेले की डोळा लागतो आणि सॅक बेगडेवाडीला उतरते. कान्ह्याला जाग येते तेव्हा रॅकवर कुणाची तरी छत्री असते. बळजबरी नाही, हिंसा नाही, आणि पॉलिसीच्या भाषेत ती सॅक 'लक्ष न ठेवता सोडलेली वस्तू' झालेली असते. बरे, रेल्वेकडे जावे तर जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही दार बंद केले आहे. कमरपट्ट्यातले एक लाख रुपये प्रवासात चोरीला गेलेल्या माणसाने नुकसानभरपाई मागितली होती. प्रवाशाला स्वतःचे सामान सांभाळता आले नाही, तर रेल्वेला जबाबदार धरता येणार नाही, ती सेवेतली त्रुटी नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे कमरेला बांधलेले तरी तुम्ही सांभाळले नाही आणि रॅकवर ठेवलेले तरी तुम्ही सांभाळले नाही. ज्याला सांभाळता येते त्याला विमा लागत नाही आणि ज्याला सांभाळता येत नाही त्याला तो मिळत नाही, असा हा बिनतोड हिशेब आहे.

यावर कंपनीची बाजू मांडणारे म्हणतात की अटी नसतील तर लोक लॅपटॉप मेहुण्याला देतील आणि चोरीची तक्रार करतील. देतील, यात शंका नाही. खोट्या दाव्यांचा भार शेवटी खऱ्या गिऱ्हाइकाच्या हप्त्यावरच पडतो, म्हणून गाळणी हवीच. पण ही गाळणी कुणाला अडवते ते पाहा. खरोखर चोरी झालेला माणूस पोलिसांत जाऊन जे घडले ते सांगतो: दार उघडे होते, डोळा लागला होता. तो तिथेच संपतो. मेहुण्याला लॅपटॉप देणाऱ्याला मात्र पॉलिसीत काय लिहिले आहे ते पक्के ठाऊक असते, कारण ती आधी वाचल्याखेरीज असला उद्योग कुणी करत नाही. तो एक स्क्रूड्रायव्हर घेतो आणि स्वतःच्याच दाराची कडी उचकटतो. पाच मिनिटांचे काम. तुटलेली कडी हा जगातला सर्वांत स्वस्त पुरावा आहे आणि कंपनी नेमका तोच मागते. मग खरे बोलणारे दोन-चारजण रिकाम्या हाताने परतले की गावात बातमी पसरते, पुढचा प्रामाणिक माणूसही फिर्याद देण्याआधी कडीकडे बघू लागतो, आणि कंपनी म्हणते, बघा, लोक खोटे बोलतात, अटी आणखी कडक करायला हव्यात. खरेदीचे बिल, यंत्राचा सिरीयल नंबर, वेळेत दिलेली फिर्याद, चोरीनंतर ते यंत्र कुठे सुरू झाले का याची तपासणी, असले पुरावे खोट्या माणसाला जड जातात आणि खऱ्याला सोपे. ते सोडून कडीवर अडून बसणे याला सावधगिरी म्हणत नाहीत. हा आळस आहे, आणि त्याचा हप्ता आपण भरतो.

चोर सोडा, पावसाचे बघू. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कान्हे तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला, म्हणजे जरा बरे. तरी आषाढ-श्रावणात भिंतीला ओल येते, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी धरते आणि कपडे चार दिवस दोरीवर राहतात. त्याच हवेत लॅपटॉपही असतो. चहाचा कप सांडला तर तो अपघात, आणि द्रवाने होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण घेतले असेल तर भरपाईची आशा आहे. दोन महिने दमट हवेत आतले जोड गंजले तर ती 'हळूहळू होणारी झीज', तिला कुठेच थारा नाही. मावळातल्या पावसाला कंपनीचे सांगणे एवढेच आहे की बाबा रे, यायचे तर एकदम कपभर ये.

भरपाई मिळालीच तर किती? आकडे समजुतीपुरते घेऊ. लॅपटॉप ६०,०००चा, दोन वर्षे वापरलेला. घसारा निम्मा धरला तर उरले ३०,०००. त्यातले पहिले २,००० सोसायची जबाबदारी तुमची, म्हणजे २८,०००. हप्ता वर्षाला ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३,५४०. दोन वर्षांचे ७,०८०. ते वजा केले की हातात २०,९२० येतात, आणि दुकानातून निघताना डोक्यात बसलेला आकडा असतो ६०,०००चा. जीएसटीचीही एक मौज आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला. म्हणजे माणूस सुटला, त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप तेवढा अडकला.

घराच्या विम्यात हे सगळे आपसूक येते, असा काहींचा समज आहे. एप्रिल २०२१पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. ती एकंदरीत चांगली आहे, आग, पूर, वादळ, दरड असे बरेच तिच्यात आहे. चोरीही आहे. फक्त ती चोरी आग, पूर अशा एखाद्या संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत व्हावी लागते. पूर ओसरल्यावर आठव्या दिवशी आलेल्या चोराने वेळ पाळली नाही, त्याला कंपनी तरी काय करणार!

मग विमा लोकपाल कशासाठी आहे, असे कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. पुण्यात नारायण पेठेत लोकपालांचे कार्यालय आहे, तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. कंपनीने आपली लेखी तक्रारही फेटाळली की वर्षभराच्या आत जाता येते आणि जावेच. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात जातात, हे तत्त्वही गिऱ्हाइकाच्या बाजूचे आहे. अडचण अशी की कडीची अट मुळीच संदिग्ध नाही, आणि लोकपालांपुढेही तोच कागद असतो ज्यावर आपली सही आहे. दुकानात विकणारा पोरगा काय म्हणाला होता ते त्या कागदावर नसते. "काका, टेन्शन घेऊ नका, सगळं कव्हर आहे," असे तो म्हणालेला असतो. कबूल करणारा वेगळा आणि मान्य करणारा वेगळा, हे समजायला कान्ह्याच्या माणसाला लांब जायला नको, पुण्याच्या बाजूला एक स्टेशन गेले की वडगाव. तिथे १६ जानेवारी १७७९ला मराठ्यांनी कोंडीत पकडलेल्या इंग्रजांनी तहावर सही केली आणि साष्टीसकट घेतलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले. सैन्य सुखरूप मुंबईला पोचले आणि मग वरून कळवण्यात आले की सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, सबब तह मान्य नाही. कळवणारीही कंपनीच होती, ईस्ट इंडिया. मावळातला फेटाळलेला पहिला क्लेम तो हाच असावा.

तेव्हा विमा घेऊच नये का? नव्या, महागड्या यंत्राचा, आणि त्याच्यावरच पोट असेल तर, जरूर घ्यावा. मात्र हप्ता किती हे शेवटी बघावे. आधी अपवादांचे पान उघडावे आणि आपला लॅपटॉप खरोखर ज्या रीतीने जाऊ शकतो ती रीत तिथे शोधावी: उघडे दार, लोकलचा रॅक, सांडलेला चहा. पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले माहितीपत्रक मिळायलाच हवे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वॉरंटीला जोडून मिळणारी 'अपघाती नुकसान' योजना विमा नसेल तर तिच्यासाठी विमा लोकपाल नाही, ग्राहक आयोग आहे. हिंजवडीच्या नोकरीत मिळालेला लॅपटॉप तुमचा नाही, त्याचा विमा मालकाने बघायचा. हरवला तर कुणाच्या पगारातून जाणार एवढे लेखी विचारून ठेवा. विमा नियामकाच्या जून २०२४च्या परिपत्रकानुसार पॉलिसी कारण न देता रद्द करता येते आणि दावा केलेला नसेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात. म्हणजे घेतल्यावर वाचली तरी फार उशीर झालेला नसतो. नुकसान किती तासांत कळवायचे तेही बघा. बहात्तर तासांचा धडा पीकविम्याने मावळातल्या शेतकऱ्याला केव्हाच दिला आहे, लॅपटॉपवाल्यांनी तो त्याच्याकडून घ्यावा.

आणि दुकानात 'सगळं कव्हर आहे' ऐकले की बिल उलटे करून त्या पोराच्या हातात पेन द्या आणि 'कुलूप न तुटता चोरी झाली तरी भरपाई मिळेल' एवढे त्याच्याकडून लिहून, शिक्का मारून मागा. बहुधा तो मॅनेजरला बोलवायला आत जाईल. तो बाहेर येईपर्यंत समोरच्या काउंटरवर बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कची किंमत विचारून घ्या. दोन वर्षांच्या हप्त्यात ती बसते, आणि लॅपटॉपमधले फोटो, हिशेब आणि अर्धवट लिहिलेला प्रबंध यांची भरपाई बहुतेक पॉलिसींत शून्य आहे.