बॅचचा तलाठी

दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येक वर्गात तीन मुलं हमखास असतात. एक भाषण करताना रडतो, एक उरलेल्या समोशांचा हिशेब लावतो आणि एक वही घेऊन सगळ्यांचे फोन नंबर लिहीत फिरतो. रडणारा जून उजाडेपर्यंत सगळं विसरतो. समोसेवाला पुढे कॉमर्सला जातो. वहीवाल्याचा मात्र तलाठी होतो. सरकारी नव्हे, बॅचचा.

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांची जोडी. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि नमुना बारा सांगतो तिच्यात यंदा काय पिकतंय. बॅचच्या तलाठ्याला हे दोन्ही नमुने तोंडपाठ असतात. ‘खिडकीकडचा शेवटचा बाक’ सध्या कुठे, असं विचारलं की नमुना सात बाहेर येतो : कराडला डिप्लोमा, तिसरं वर्ष. काय पिकतंय? दोन विषय राहिलेत. शेरा : घरी सांगितलेलं नाही. हा शेऱ्याचा रकाना तलाठ्याची खरी ताकद. त्याच्या जिवावर तो कुणालाही एका हाकेत चहाला बोलावू शकतो.

इथे घेतलेला तलाठी वाईचा. गावालाच नोंदींची सवय आहे. मराठी विश्वकोशाचं काम वाईत बसून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि मग खंडांमागून खंड येत राहिले. अकारापासून सगळ्या विश्वाच्या नोंदी जिथे झाल्या, तिथे ‘दहावी ब’च्या बावन्न पोरांची नोंद ठेवणं किरकोळ, असं त्याला वाटतं. फरक एवढाच, की विश्वकोशातला ‘अगस्ती’ एकदा लिहिला की लिहिला. बावन्नांतला एकेक जण मात्र दर सहा महिन्यांनी शाखा, शहर आणि सिमकार्ड बदलतो.

बारावीनंतर तलाठी पुण्याला आला. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला. वर्तणूक : चांगली. प्रगती : समाधानकारक. दाखल्याच्या त्याने दहा झेरॉक्स काढल्या, साक्षांकित केल्या, फायलीत लावल्या आणि मूळ प्रत कॉलेजात जमा केली. कागदोपत्री शाळा अशा रीतीने रीतसर सुटली.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉट बेसिस म्हणजे माणसाने भाड्याने खोली न घेता फक्त तिच्यातली एक खाट घ्यायची. भिंतीवर मालकांची पाटी : पाणी जपून वापरा, पाहुणे आणू नयेत, दिवे दहाला बंद. मेसचा डबा दोन्ही वेळचा. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री मेस बंद. फीस्टला श्रीखंड आणि रात्री उपास, या क्रमाने पुण्यात आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या महिन्यात आईची आठवण काढतो. तलाठी रविवारी रात्री गटाची हजेरी काढायचा.

गटाचं नाव ‘दहावी ब अमर रहे’. व्हॉट्सअॅपच्या गटात पूर्वी २५६ माणसं मावत, २०२२ मध्ये ती मर्यादा १०२४ वर गेली. तलाठ्याकडे बावन्नच. रान भरपूर, पेरा थोडा.

पहिला महिना मात्र सुगीचा होता. प्रत्येकाने आपापल्या कॉलेजच्या गेटसमोर उभं राहून फोटो टाकला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला निघालेल्यांनी प्रत्येक कॅप राउंडची बित्तंबातमी दिली : कुणी मिळालेली जागा ‘फ्रीज’ केली, कुणी ‘बेटरमेंट’च्या आशेवर पुढच्या फेरीला थांबला. नीटची दुसऱ्यांदा तयारी करायला लातूरला गेलेल्याने रात्री दोनला टेबलावरच्या पुस्तकांच्या चळतीचा फोटो टाकला आणि सकाळी सहाला पुन्हा तोच टाकला. दिवसाला तीनशे मेसेज. तलाठी ते सगळे वाचायचा. कॉलेजच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वाचायचा, त्यामुळे कॉलेजात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

गणपती गेले. सबमिशन आली. तीनशेचे तीस झाले आणि दिवाळीच्या आत तिसाचे तीन. त्यातही एक ‘एचबीडी भावा’, दुसरा त्याला ‘थँक्यू’ आणि तिसरा चुकून दुसऱ्या गटावरचा. सरकारने २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आणली. शेतकऱ्यानेच मोबाइलवर फोटो काढून आपलं पीक नोंदवायचं. पोरांनीही तेच सुरू केलं होतं. जो तो आपलं पीक आपल्या स्टेटसवर टाकून मोकळा. तलाठी सगळ्यांचे स्टेटस बघायचा आणि नमुना बारा भरायचा. पाहणारा तोच पहिला असे, हे सगळ्यांना दिसत होतं. ‘याला काय काम नाही,’ असं सगळे म्हणत, आणि कुणाचा नंबर हवा असला की त्यालाच फोन करत.

२०२४ मध्ये सरकारने तलाठ्यांचं पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. बातमी गटावर आली तेव्हा आपल्यालाही बढती द्यावी, असा अर्ज तलाठ्याने केला. गटाने तो एकमताने मंजूर केला. महसूल मात्र अद्याप यायचा आहे. गेल्या वर्षीच्या शिक्षक दिनाला सरांसाठी घेतलेल्या शालीचे पैसे बावन्नांपैकी अकरा जणांनी दिलेत.

या खात्यात एक दुःख फक्त अधिकाऱ्याच्या वाट्याला येतं. पूर्वी कुणी गट सोडला की सगळ्यांना दिसायचं, चर्चा व्हायची, शिव्या पडायच्या, दोघंतिघं त्याची समजूत काढायला जायचे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपने गुपचूप बाहेर पडायची सोय केली. आता सूचना फक्त अॅडमिनला जाते. त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री अकरा वाजता खिडकीकडचा शेवटचा बाक रिकामा झाला, ते जगात एकट्या तलाठ्याला कळलं. बावन्नाचे एक्कावन्न. त्याने कुणाला सांगितलं नाही. वहीत नाव खोडलंही नाही. शेऱ्यात लिहिलं : ‘रेंज नसेल.’

त्याच्या वडिलांच्या काळात हे काम सोपं होतं, असं वडील सांगतात. आंतरदेशीय पत्र लिहायचं, तीन घड्या घालायच्या, कडा चिकटवायच्या. उत्तर आलं नाही तर दोष पोस्टाचा. एसटीडी बूथवरून फोन करायचा तर रात्री उशिरा, दर उतरल्यावर, आणि डोळा समोरच्या लाल आकड्यांवर. बोलणं कसं नेमकं व्हायचं. आता दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, तेव्हा दोष पोस्टावर टाकता येत नाही.

दिवाळीत तलाठ्याने मेळावा घेतला होता. ठिकाण मेणवलीचा घाट. नाना फडणवीसांचा वाडा आहे तिथेच. ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट दिसला तेव्हापासून वाईच्या पोराला पाहुणे आले की तो त्यांना आधी तिकडे नेतो. तलाठ्याने गटावर मतदान लावलं, पर्याय तीन : ‘येणार’, ‘नक्की येणार’ आणि ‘बघतो’. पहिल्या दोन पर्यायांना मिळून एकतीस मतं पडली. आले नऊ. मराठीत ‘बघतो’ म्हणजे नाही, हे त्याला ठाऊक होतं. ‘नक्की येणार’ म्हणजेही नाही, हे त्या दिवशी कळलं. एकवीस वडापाव उरले. ते घाटावरच्या कुत्र्यांनी आणि नऊ जणांनी मिळून संपवले.

पुण्याच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर उदगीरकर होता. तीन महिने दोघांचं बोलणं ‘लाइट बंद करू का’ आणि ‘बादली तुझी का’ एवढंच. रात्री नऊनंतर हा आपल्या मोबाइलमध्ये, तो आपल्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या रात्री, दिवे मालवल्यावर, अंधारात उदगीरकराने उसासा सोडला.

‘काय झालं?’

‘काही नाही. आमच्या वर्गाचा मेळावा होता. चाळीस जण येतो म्हणाले. सात आले.’

तलाठी खाटेवर उठून बसला. ‘आमच्यात नऊ.’

‘नऊ?’ उदगीरकराच्या आवाजात खरा आदर होता. ‘काय खायला ठेवलं होतं?’

उदगीरकरही तलाठीच होता, फक्त तालुका वेगळा. त्या रात्री दोन खात्यांची देवाणघेवाण झाली. उदगीरकर गटावर काही टाकतच नसे, थेट फोन लावत असे. उचलला नाही तर त्या पोराच्या आईला लावत असे. ‘आई फोन उचलतेच, जेवलास का विचारते आणि पोराला असेल तिथून शोधून काढते,’ ही युक्ती वाईच्या तलाठ्याने वहीत उतरवून घेतली. त्याने बदल्यात शेऱ्याचा रकाना शिकवला. दिवे मालवून दोन वाजेपर्यंत दोघं आपापल्या वर्गांविषयी बोलत होते. मित्र आपल्याला विसरले, या विषयावर.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मैत्रीचे तास मोजलेत. नुसती ओळख जरा पुढे सरकायला ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्रीला ९० आणि घट्ट मैत्रीला २०० च्या वर. कॉलेजात नुसतं शेजारी बसून हे तास भरायला महिनेच्या महिने लागतात. कॉट बेसिसवर दोनशे तास एका महिन्यात भरतात. घोरण्याचे तास धरायचे की नाही, याचा खुलासा हॉल यांनी केलेला नाही. दोन्ही तलाठ्यांनी ते धरले.

दुसरा एक अभ्यास ब्रिटनमधला, सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांचा. शाळा संपवून कॉलेजला किंवा नोकरीला लागणाऱ्या तीस पोरापोरींच्या मैत्रीवर त्यांनी दीड वर्ष नजर ठेवली. मुलींची मैत्री बोलण्याने टिकली. मुलांची नुसत्या बोलण्याने टिकली नाही, त्यांना बरोबर काहीतरी करावं लागलं. ‘दहावी ब’च्या मुलींना हे सांगायची गरज नव्हती. त्यांचा गट वेगळा, त्याला तलाठी नाही, मतदान नाही. त्या रोज रात्री बोलतात आणि दिवाळीत बोलावल्याशिवाय एकीच्या घरी फराळाला जमल्या. मुलांना काहीतरी करायला लागतं, आणि वाईच्या मुलांसाठी ते काहीतरी रंगपंचमीला असतं.

बावधनचं बगाड. वाईच्या शेजारचं गाव, भैरवनाथाची यात्रा. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो. पंचमीला कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून लाकडी गाडा निघतो, उंच शिडाला बगाड्या टांगलेला, पुढे बैलजोड्या, आणि वाटेवरच्या शेतांत माणसांचा नुसता पूर. ‘काशिनाथाचं चांगभलं!’ म्हटलं की चाक हलतं. चाक फसलं की बैल बदलतात, खांदे लागतात, पुन्हा चांगभलं. बगाडाला कुणी निमंत्रण देत नाही. मतदान लावत नाही. मेसचं बिल बुडालं, प्रॅक्टिकल बुडालं तरी वाईचा आणि बावधनचा पोरगा त्या दिवशी तिथे असतो.

उदगीरकराचं गाव रात्रभराच्या प्रवासावर. दोन दिवसांच्या सुटीत तिकडे जाणं परवडण्यासारखं नव्हतं. ‘चल मग आमच्याकडे,’ तलाठी म्हणाला. स्वारगेटहून लाल एसटी, कात्रज, खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा. वाईत उतरेपर्यंत उदगीरकराला ‘दहावी ब’च्या बावन्नांचे नमुने सात आणि बारा पाठ झाले होते. शेऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी बावधनच्या शेतात तलाठ्याने कुणाला बोलावलं नव्हतं, आणि सव्वीस जण सापडले. लातूरवाला पुस्तकांची चळत सोडून आला होता. ‘नक्की येणार’वाले सगळे होते. दुपारी तीनच्या उन्हात, गुलालाने तोंड ओळखू न येणारा एक जण मागून येऊन तलाठ्याच्या गळ्यात पडला.

‘काय लेका, ग्रुप लय शांत झालाय,’ खिडकीकडचा शेवटचा बाक म्हणाला.

‘हो ना,’ तलाठी म्हणाला. त्याला रात्री परत गटात घेतलं. वहीतला शेरा बदलला : ‘रेंज आली.’

मग सगळ्यांचा फोटो गटावर टाकला, मोजून सत्तावीस जण. दिवसाला तीन मेसेज येणाऱ्या गटावर पहिल्या दहा मिनिटांत चाळीस आले. मुंबईत अडकलेल्या एकाने विचारलं, ‘उजवीकडून तिसरा कोण रे?’

उदगीरकर शेजारी बसून वाचत होता. तलाठी खुलासा लिहायला लागला, तेवढ्यात दुसऱ्याचं उत्तर आलं.

‘अरे, तो नाही का नववीत क तुकडीतून आपल्यात आलेला!’

‘बरोबर. माझ्याच बाकावर होता. भूमितीच्या तासाला रोज बाहेर उभा.’

‘किती बदललाय यार! आधी जाड होता.’

‘गटात का नाही तो? तलाठी झोपा काढतो काय?’

तलाठ्याने लिहिलेला खुलासा खोडला. फेरफार नोंदवला आणि उदगीरकराला गटात घेतलं. बावन्नाचे त्रेपन्न झाले. ‘लिही काहीतरी,’ तो म्हणाला. उदगीरकराने बराच विचार करून लिहिलं : ‘भूमितीच्या तासाची आठवण काढलीत, बरं वाटलं.’

सतरा हसरे चेहरे आले. मागोमाग बाकावरच्या जोडीदाराचा प्रश्न : ‘सध्या कुठे असतोस भावा?’

उदगीरकराने तलाठ्याकडे बघितलं. ‘काय लिहू?’

‘पुणे,’ तलाठी वही उघडत म्हणाला. ‘आणि शेऱ्यात, दुसरी खाट.’