इलेक्ट्रॉनची आगाऊ उचल

ऑडिटर : सर, इंदूरच्या इंडस-2 या कणत्वरकाची वही पाहिली. इलेक्ट्रॉनकडे 250 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टची पुंजी, 172 मीटरची प्रदक्षिणा आणि दर फेरीला सहा लाखांची गळती! वेग तर तोच. मग खर्च कसला?

प्राध्यापक : वेगाचा आकडा तोच हो, दिशा कुठे तीच आहे? चुंबक त्याला सारखे वळवतात, म्हणजे त्वरण आलंच. आणि त्वरण आलं की विद्युतभार ऊर्जा बाहेर टाकतो, हे लार्मरनं 1897 साली दाखवलं. त्याच गळतीतले क्ष-किरण संशोधक वापरतात. सेकंदाला सतरा लाख फेऱ्या होतात, त्यामुळे भरपाई थांबली तर काही मिलिसेकंदांत दिवाळं. खर्च खरा आहे. तो वसूल करणारा उलटा जोर मात्र, लोरेंट्झ आणि अब्राहम यांच्या सूत्राप्रमाणे, त्वरण किती झपाट्यानं बदलतं यावर ठरतो.

ऑडिटर : म्हणजे सरळ रेषेत त्वरण कायम ठेवलं तर वसुली शून्य आणि उधळपट्टी चालूच?

प्राध्यापक : तेवढ्यापुरती ती रक्कम भाराला चिकटलेल्या क्षेत्राच्या ठेवीतून जाते; त्वरण सुरू होताना आणि थांबताना हिशेब चुकता होतो. खरी पंचाईत पुढे आहे. हे सूत्र जसंच्या तसं सोडवलं, तर बाहेरून दमडीचा जोर नसताना इलेक्ट्रॉन सुसाट सुटतो. डिरॅकनं 1938 साली असली उत्तरं बाद केली, तर उरलेल्या उत्तरात इलेक्ट्रॉन जोर लागण्याच्या सुमारे 6×10⁻²⁴ सेकंद आधीच हलायला लागतो.

ऑडिटर : आधी कळस, मग पाया! खातं गोठवा.

प्राध्यापक : कोणाचं? तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 2×10⁻¹⁵ मीटर सरकतो. त्याच्या शेकडो पट मोठ्या अंतरावरच पुंजयामिकीचा अंमल सुरू होतो. तिथे इलेक्ट्रॉनला टिंब मानून केलेला जुना हिशेब चालतच नाही. लान्डाऊ आणि लिफशिट्झ यांनी व्यवहारी तोड काढली : उलटा जोर किरकोळ आहे, तर त्वरणाच्या बदलाऐवजी बाहेरच्या जोराचा बदल घाला. सुसाट सुटणंही गेलं, आगाऊ उचलही गेली.

ऑडिटर : मग शेरा काय मारू?

प्राध्यापक : इलेक्ट्रॉन निर्दोष. सूत्र हद्दीबाहेर वापरलं, दोष वापरणाऱ्याचा.