पॅरिसचा सुशीमर्मज्ञ

पॅरिसमधील सुशिक्षित मध्यमवर्गाचे वर्णन सुशीमर्मज्ञाला वगळून पुरे होत नाही. हा गृहस्थ सहसा फ्रेंच असतो, जपानला एकदा, फार तर दोनदा जाऊन आलेला असतो आणि सुशीच्या दुकानांची वाण नसलेल्या या शहरात खाण्याजोगी सुशी कुठेच मिळत नाही, हे दुःख तो मोठ्या आनंदाने वागवत असतो. मिसळीची पूर्वीची चव राहिली नाही असे सांगत रोज मिसळ खाणाऱ्यांशी त्याचे नाते सख्ख्या भावाचे आहे.

त्याची पहिली कसोटी दारातच लागते. पॅरिसमधील अनेक स्वस्त 'जपानी' उपाहारगृहे चिनी वंशाची कुटुंबे चालवतात आणि तेथील जेवणाचा साचा ठरून गेलेला आहे: आधी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, आणि कोबीची कोशिंबीर, मग सुशी, आणि जोडीला चीजभोवती गोमांसाचा पातळ काप गुंडाळून काडीवर भाजलेले तुकडे, ज्यांवर पॅरिसकरांचा भारी जीव. काचेवरच्या सचित्र पत्रकात हे चीज दिसले की सुशीमर्मज्ञ जागच्या जागी पाठ फिरवतो आणि बरोबरच्या मंडळींच्या पोटात कावळे ओरडत असले तरी त्यांना ऑपेराजवळच्या रू सेंत-आन या जपानी खाद्यगृहांच्या रस्त्याकडे चालवत नेतो. तेथे मुख्यतः रामेन आणि उदोन हे शेवयांचे प्रकार मिळतात. जपानात सुशीवाला बहुधा सुशीच विकतो, म्हणून एकाच छपराखाली सर्व काही विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हा त्याचा निष्कर्ष मात्र, मान्य करायला हवे, बराचसा खरा आहे.

सुशीच्या दुकानात जागा मिळालीच तर तो टेबलाशी बसत नाही, कारागिरासमोरच्या फळीशी बसतो. सुशीचा जीव माशात नसून व्हिनेगर, मीठ आणि साखर लावलेल्या भातात आहे आणि तो भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा, हे तो शेजाऱ्याला न विचारता सांगतो. निगिरी, म्हणजे भाताच्या दाबलेल्या घासावर माशाचा काप ठेवलेला प्रकार, तो हाताने उचलतो, उलटा करतो, फक्त माशाची कड सोया सॉसला टेकवतो आणि डोळे मिटतो. त्याच क्षणी बायको वासाबी या तिखट मुळाची हिरवी गोळी सॉसमध्ये कालवते, तेव्हा त्याच्या मुद्रेवर सुतक उतरते. ती गोळी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश या दुसऱ्याच तिखट मुळाची, हिरवा रंग देऊन केलेली असते, हे त्याला ठाऊक असूनही.

साल्मनला तो शिवत नाही, कारण कच्चा साल्मन ही जपानची जुनी रीत नसून 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला मासा खपवण्यासाठी तेथे रुजवलेली सवय आहे. ताजेपणाचा त्याला ध्यास आहे आणि "आज काय आले?" हा प्रश्न तो कारागिराला विचारतोच. परंतु युरोपीय नियमांनुसार कच्चा वाढायचा समुद्रात पकडलेला मासा साधारणपणे उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवावा लागतो, आणि या अटीतून ज्याला सूट मिळू शकते तो नेमका मत्स्यशेतीत नियंत्रित खाद्यावर वाढवलेला साल्मन. कारागीर यावर काही बोलत नाही. नम्रपणे मान लववतो, आणि सुशीमर्मज्ञ ती लववलेली मान आपल्या ज्ञानाची पावती म्हणून घरी नेतो.

2006 मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने परदेशातील जपानी उपाहारगृहांना अस्सलपणाची प्रमाणपत्रे देण्याचा बेत मांडला, तेव्हा 'सुशी पोलीस' म्हणून त्याची जगभर थट्टा झाली. सुशीमर्मज्ञाला ती थट्टा कधीच कळली नाही. त्याला त्या पोलिसात भरती व्हायचे होते. एवढे असूनही पॅरिसला जाणाऱ्या वाचकाने त्याला टाळू नये, कारण त्याने सांगितलेला पत्ता सहसा चुकत नाही. तो पत्ता नीट लिहून घ्यावा, त्याचे आभार मानावेत आणि जेवायला त्याच्याशिवाय जावे.