हेडफोनधारी उमेदवारांसाठी सूचना

एकट्याच्या जिवावर इलेक्ट्रॉनिक संगीत करून पोट भरू इच्छिणाऱ्या उमेदवाराने सर्वांत आधी घरात जागा पाहावी. स्टुडिओ लागतो ही जुनी समजूत झाली. फ्रान्सच्या ज्याँ-मिशेल जारने १९७६ सालचा ‘ऑक्सिजेन’ पॅरिसमधल्या घरातच थाटलेल्या कामचलाऊ स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. बऱ्याच कंपन्यांनी तो नाकारला आणि पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. वन बीएचकेत हाच प्रयोग करताना अडचण एवढीच, की तिथे स्वयंपाकघराचा ताबा आधीच कुणाकडे तरी असतो आणि कुकरची शिट्टी मायक्रोफोनला गायकापेक्षा स्पष्ट ऐकू येते. कॅनडाच्या ग्राइम्सने मॉन्ट्रियलच्या फ्लॅटमध्ये खिडक्या झाकून, स्वतःला कोंडून घेऊन, सुमारे तीन आठवड्यांत ‘व्हिजन्स’ (२०१२) हा अल्बम उभा केला. असं व्रत उमेदवारानेही जरूर घ्यावं. दूधवाला, कुरिअरवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना मात्र आधी कळवून ठेवावं.

जागा झाली की सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियाच्या फ्लूमला लहानपणी संगीताचा पहिला प्रोग्रॅम नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात सापडला होता. आपल्याकडच्या पोह्यांच्या पुड्यात तशी सोय नसल्याने बहुतेक उमेदवार ‘एफएल स्टुडिओ’च्या फुकट आवृत्तीने सुरुवात करतात. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ साली ‘फ्रूटी लूप्स’ म्हणून आणलेलं हे सॉफ्टवेअर वापरून नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सने २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, ‘ॲनिमल्स’ केलं. फुकट आवृत्तीत एक गंमत आहे: केलेलं काम सेव्ह होतं, पण बंद केलेली फाइल विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. लोक याला अडवणूक म्हणतात. प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या मते सबंध सॉफ्टवेअरमधली सर्वांत शैक्षणिक सोय हीच; ती गाणं एका बैठकीत पुरं करायला लावते.

कारण या धंद्यातला खरा आजार म्हणजे आठ बारचा लूप. १२० च्या लयीत आठ बार म्हणजे बरोबर १६ सेकंद. किक, टाळीचा आवाज, वर सरसरणारा हाय-हॅट, खाली घुमणारा बेस. एवढा तुकडा दोन तास सलग ऐकला की तो विश्वातला सर्वोत्तम वाटू लागतो. सतराव्या सेकंदाला काय व्हावं, हे मात्र सुचत नाही. मग उमेदवार किक बदलतो. मग जुनी किक परत आणतो. मग किक आणि बेस दोघंही ५०-६० हर्ट्झच्या आसपास एकाच जागेसाठी भांडताहेत हे लक्षात येतं आणि साइडचेन लावली जाते, म्हणजे किक पडली की तेवढ्या क्षणापुरता बेस दबून तिला वाट देतो. हे जमलं की मध्यरात्री भूकंप केल्याचं समाधान मिळतं. सकाळी तेच लॅपटॉपच्या स्पीकरवर लावावं, तर भूकंप गायब. त्या चिमुकल्या स्पीकरला एवढ्या खालचे स्वर झेपतच नाहीत. परदेशी प्रोड्यूसर आपलं मिक्स गाडीत बसून तपासतात. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी रिक्षा करावी, मागच्या सीटपाठीमागच्या स्पीकरवर आपली फाइल लावून घ्यावी आणि मीटरप्रमाणे पैसे द्यावेत. रिक्षावाल्याचं मत विचारू नये, तो खरं सांगतो.

यंत्रांवर पैसे उधळू नयेत. ‘फोर टेट’ या नावाने काम करणाऱ्या लंडनच्या कीरन हेब्डनने २०१७ च्या अल्बमच्या वेळी आपल्या कामाच्या जागेचा फोटो टाकला होता. त्यात खिडकीजवळचं टेबल, लॅपटॉप, स्पीकर असा मोजकाच पसारा होता. फोटो पाहून उमेदवाराने साधेपणाचा बोध घ्यावा. स्पीकर कोणत्या कंपनीचे हे शोधत पहाट करू नये.

यंत्र घ्यायचंच तर सपशेल आपटलेलं घ्यावं, आणि इथे मुंबईचे चरणजित सिंग यांचा धडा सविस्तर गिरवला पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार, बेस, सिंथेसायझर वाजवणारा हा माणूस. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर देशभर डिस्कोची लाट होती. अशा वेळी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं जोडली: टीआर-८०८ हे ताल देणारं यंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी. ही डबी बेस गिटारवादकाची गरज भागवण्यासाठी बनवली होती, आणि तिच्यापुढे बसले होते खुद्द एक बेस गिटारवादक. पण बेसची नक्कल तिला काही जमली नाही. सूर घसरत, ओघळत, चिरकत निघायचे. कंपनीने १९८४ मध्ये तिचं उत्पादन बंद केलं. चरणजितजींना मात्र त्या घसरण्यात मींड दिसली असावी. त्यांनी भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग एकापाठोपाठ एक डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. १९८२ सालच्या त्या तबकडीचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’.

तबकडी खपली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं सापडेना आणि रागवाल्यांना यमनखालचा तो ठोका सोसेना.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रिकुटाने तीच टाकाऊ डबी पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं. त्यातून ॲसिड हाउस नावाची सबंध शैली जन्माला आली आणि टीबी-३०३ चा भाव आता लाखांत गेला. मुंबईतला प्रयोग २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा बाजारात आणला, तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले: ॲसिड हाउस शिकागोच्या आधी मुंबईत, आणि तेही रागदारीत? सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींना मग युरोपात कार्यक्रमांची आमंत्रणं येऊ लागली. २०१५ मध्ये ते गेले. हिशेब सोपा आहे: उमेदवाराने काळाच्या पाच वर्षं पुढे राहावं आणि २८ वर्षं वाट पाहावी. मधल्या काळात घरखर्चासाठी दुसरं काहीतरी वाजवावं. ज्यांना २८ वर्षं कमी वाटतात त्यांनी अहमदाबादकडे पाहावं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला, गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर काम केलं, आणि त्या टेप्स अल्बम होऊन लोकांसमोर आल्या २०२३ मध्ये.

आता प्रसिद्धी. एक मार्ग असा, की तोंड दाखवूच नये. लंडनच्या ‘बरियल’ने २००७ मध्ये ‘अनट्रू’ काढला तेव्हा तो कोण हे जवळच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सीक्वेन्सर न वापरता, ध्वनीची लहर पडद्यावर पाहून नजरेने ठोके बसवणारा हा गृहस्थ मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत गेला, आणि ‘द सन’ हे वृत्तपत्र त्याच्या मागावर निघालं. शेवटी २००८ मध्ये त्यानेच आपलं नाव आणि फोटो जाहीर केला. दुसरा मार्ग नेमका उलटा. एफेक्स ट्विन उर्फ रिचर्ड जेम्सच्या ‘सायरो’ (२०१४) आधी त्याचं बोधचिन्ह मिरवणारा हिरवा हवाई फुगा लंडनवर तरंगला. अल्बमच्या मुखपृष्ठावर चित्राऐवजी निर्मिती आणि जाहिरातीचा बाबवार खर्च छापला होता. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. यातला कोणता मार्ग धरावा? प्रत्येक मार्ग ज्याला चालला त्याला चालला, दुसऱ्याला चालेल याची हमी नाही. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत ही बाब सहसा गाळतात.

पैशांच्या प्रकरणात उमेदवाराने मन घट्ट करावं. स्पॉटिफायवर एकदा ऐकल्याचे पैसे एका सेंटपेक्षाही कमी, आणि २०२४ पासून वर्षाला एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला तेही नाहीत. करार वाचण्यासाठी वकील करावा. वर ज्याचं टेबल पाहिलं त्या हेब्डनचा डॉमिनो कंपनीशी करार झाला तेव्हा स्ट्रीमिंग हा प्रकारच नव्हता. कंपनी त्याला १३.५ टक्के देत होती, तो म्हणत होता ५०. प्रकरण कोर्टात गेल्यावर कंपनीने त्याचे तीन अल्बम स्ट्रीमिंगवरून काढूनच टाकले. जून २०२२ मध्ये तडजोड झाली: ५० टक्के आणि व्याजासह मागची बाकी ५६,९२१ पौंड ८ पेन्स. ते आठ पेन्स ज्याने मोजले, त्याच्याकडे उमेदवाराने आपली हिशेबाची वही सोपवावी.

विकल्याची लाज बाळगू नये. मोबीच्या ‘प्ले’कडे १९९९ मध्ये सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यातलं एकूण एक गाणं जाहिरातींना, सिनेमांना, मालिकांना दिलं गेलं, आणि अल्बमच्या खपाने कोटी गाठली. एफेक्स ट्विनने तर आपल्या रीमिक्सच्या संग्रहाच्या नावातच रोख रकमेचा उल्लेख करून टाकला.

श्रेयाचं काम रोखीपेक्षा संथ. बीबीसीच्या डेलिया डर्बिशरने १९६३ मध्ये टेपचे तुकडे कापून, जोडून ‘डॉक्टर हू’ची शीर्षकधून घडवली. मूळ संगीतकार रॉन ग्रेनर तिला श्रेय द्यायला तयार होते, संस्थेचा नियम तयार नव्हता. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये. ती २००१ मध्ये वारली होती.

राहिला रंगमंच. २०१२ मध्ये डेडमाउसने जाहीरच सांगून टाकलं, की त्याच्यासारखे बहुतेक जण स्टेजवर बटण दाबण्यापलीकडे फारसं करत नाहीत. तो स्वतः उंदराचं भलंमोठं मुंडकं घालतो, त्यामुळे चेहऱ्याचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांनी एखादी घुंडी हळूहळू फिरवत, ओठ आवळून, जणू बिघाड शोधतोय असा चेहरा ठेवावा. प्रेक्षकांना तोच चिंतनाचा वाटतो. नातेवाईक “गणपतीत डीजे तूच लावतोस का?” असं विचारतील. हो म्हणावं, निदान त्यांना धंदा कळला. आयोजक वेगळं विचारतील: बँडमध्ये माणसं किती? एक म्हटलं की मानधन आणि तिकीट एकाचंच ठरतं, सामान मात्र चौघांचं निघतं. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोंची मुभा असते. टीबी-३०३ किलोभर आहे, ती हातातल्या पिशवीत जाते. ज्युपिटर-८ बावीस किलोंचा भरतो. त्याचं जादा भाडं कोण देणार, ते फोनवर न ठरवता आयोजकाकडून लेखी घ्यावं.