पाळण्यातले पाय आणि बुटाचे माप

अमेरिकेतील हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, म्हणजे इयत्ता नववीत, शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘फ्रेशमन’ म्हणतात. आणि या चौदा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटण्यापूर्वीच त्याच्या बास्केटबॉलमधील भवितव्याचा निकाल लावून मोकळा होणाऱ्या जाणकारांचा एक वर्ग तेथे सुखाने नांदतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात या समजुतीला या वर्गाने शास्त्राची कळा आणली असून, त्यात बुटाचे माप, आई-वडिलांची उंची आणि ‘विंगस्पॅन’, म्हणजे हात आडवे पसरले असता दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर, यांची साग्रसंगीत नोंद होते. स्थळ पाहायला आलेली मंडळीही इतक्या खोलात शिरत नसतील. चेंडू नेमका केव्हा सोबत्याकडे द्यावा, ही समज मात्र टेपने मोजता येत नसल्याने शेऱ्याच्या रकान्यात ढकलली जाते. शिकागोचा अँथनी डेव्हिस फ्रेशमन असताना जेमतेम सहा फुटांच्या आसपासचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा खेळाडू, होता. पुढे तो सहा फूट दहा इंचांवर गेला आणि २०१२ साली एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत पहिला ठरला. पुढे बास्केटबॉलचा बादशहा ठरलेल्या मायकल जॉर्डनला तर १९७८ मध्ये, दहावीत असताना, ‘व्हर्सिटी’ या शाळेच्या मुख्य संघात जागाच मिळाली नव्हती. अशा प्रकरणांत दोष अर्थातच जाणकारांचा नसतो. मुलाने आपल्या हाडांचा बेत वेळेवर कळवलेला नसतो, आणि म्हणून ‘उशिरा बहरलेला’ असा नवा रकाना आखून कोष्टक पुन्हा बिनचूक केले जाते.